सायकल आता चालवतंय कोण?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा.

मागच्या आठवड्यात नगरपालिकेच्या सभेला पत्रकारांच्या बाकावर बसलो होतो. एसटी स्टँडशेजारचा सायकल स्टँड काढून तिथं व्यापारी गाळे बांधायचे, हा विषय पत्रिकेत पार शेवटी होता. सगळ्यांना जेवायची घाई. एका सदस्यानं (नाव लिहीत नाही, गावाला माहिती आहे) विचारलं, "अहो, सायकल आता चालवतंय कोण?" सभागृह हसलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. हरकती मागवून विषय पुढच्या सभेवर गेला आणि आम्ही उठलो.

घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण ते मी आधी एकदा ऐकलं होतं. पुण्यात, 2001 साली, पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना. खोली सदाशिव पेठेत, कॉलेज नदीपलीकडं. मी गावाकडून सेकंडहँड अ‍ॅटलास एसटीच्या टपावर टाकून नेली होती. वर्गात माझी एकट्याची सायकल. पार्किंगचा माणूस म्हणाला, "कोपऱ्यात लाव रे, सायकल आता कोण चालवतं?" आणि हे कुठल्या शहरात? ज्याला सगळा महाराष्ट्र सायकलींचं शहर म्हणायचा, त्या शहरात.

माझे घरमालक खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले. काकांना मी हा किस्सा सांगितला. ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि एक डबा घेऊन आले. डब्यात नगरपालिकेचे सायकलीचे बिल्ले. एकेका वर्षाचा एकेक, ओळीनं जपून ठेवलेले. सायकलीवर तेव्हा कर होता. तो भरला की बिल्ला मिळायचा आणि तो सायकलीला लावावा लागायचा. बिल्ला नसेल तर दंड. रात्री दिवा नसेल तर दंड. डबलसीट दिसलात तर दंड, आणि हवालदाराचं डोकं फिरलेलं असेल तर तो दंडाऐवजी चाकातली हवा सोडून द्यायचा. काकांचं म्हणणं, "दंड परवडला, पण हवा सोडली की मैलभर ढकलत न्यायची."

त्या डब्यानं मला सायकलीच्या इतिहासाचा नाद लावला. त्यातलं थोडं इथं सांगतो, कारण आपल्या गाळ्यांच्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे.

मराठी मुलखात सायकलीची गोष्ट बेळगावपासून सुरू करावी लागते. 1888 साल. डनलॉपनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं तेही याच वर्षी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक होते. त्यांनी मुंबईत सायकल पाहिली, तिचं वेड घेतलं आणि भावाबरोबर बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या, रामूअण्णांनी बेळगावात विकायच्या. एका सायकलीला सातशे ते हजार रुपये पडत आणि ती चालवायला शिकवण्याचे 15 रुपये वेगळे, असं सांगतात. त्या काळचे हजार रुपये म्हणजे काय, याचा हिशेब तुम्हीच करा. सायकल तेव्हा साहेबाची, संस्थानिकाची, फार तर बड्या वकिलाची गोष्ट होती. याच दुकानातून पुढं नांगर निघाला आणि 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. महाराष्ट्राच्या कारखानदारीचा एक मोठा झरा सायकलीच्या दुकानातून फुटलाय, हे आपण विसरतो.

साहेबाची सायकल कामगाराची कशी झाली? हळूहळू आणि जुन्या बाजारातून. विलायती हंबर, रॅले, बीएसए पहिल्या मालकानं वापरून टाकल्या की कारकुनाकडं यायच्या, त्याच्याकडून शिपायाकडं. मग मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर तर रांगच लागली. 1949 मध्ये मद्रासला टीआयची हर्क्युलस, बंगालात आसनसोलला सेन-रॅले, 1951 मध्ये सोनीपतला अ‍ॅटलास, 1956 मध्ये लुधियान्याला मुंजाल बंधूंची हीरो. सायकल, घड्याळ आणि रेडिओ हा लग्नातल्या मानपानाचा विषय झाला. माझ्या एका मामांचं लग्न सायकलीवरून दोन दिवस अडलं होतं, ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

पुण्याला सायकल मानवली त्याची कारणं अगदी साधी होती. नदीकाठचं बरंचसं सपाट गाव. पेठा एकमेकींना चिकटलेल्या. शाळा, कॉलेजं, कचेऱ्या, मंडई सगळं तीन-चार मैलांच्या आत. हवा बरी आणि रस्त्यांवर वडापिंपळाची सावली. विद्यार्थी गावोगावचे, खिशात पैसे नाहीत. आणि नदीच्या उत्तरेला कारखाने. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा. पुढं खडकीलाच किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. काका सांगायचे, सकाळच्या पाळीला पुलावर सायकलींचा असा लोंढा असायचा की मधे कुणी घसरलं तर मागचे दहा घसरायचे. भोंगा झाला की तोच लोंढा उलटा. डबा कॅरियरला, पँटला खाली क्लिप, पावसाळ्यात मेणकापडाची टोपी. चौकाचौकात सायकल मार्ट. तासावर भाड्यानं सायकल, पंक्चर, हवा आणि वर्षातून एकदा 'ओव्हरऑइलिंग'. मूळ इंग्रजी शब्द ओव्हरहॉलिंग आहे, हे मला डिप्लोमा झाल्यावर कळलं. मला अजूनही ओव्हरऑइलिंगच जास्त बरोबर वाटतं, तेल तर घालतातच की.

बायका सायकलवर दिसायच्या हे पुण्याचं मोठेपण. शिक्षिका, नर्स, कॉलेजच्या पोरी. लेडीज सायकलच्या मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी लावलेली असायची. ही जाळी कुणी बाळगली असेल तर फोटो टाका. बाईला कुणाची वाट न बघता, कुणाला भाडं न देता घराबाहेर पडता आलं, त्यात त्या जाळीचा वाटा आहे. यावर कुणीतरी पीएचडी करायला हवी.

आता अवघड जागी येतो. पुणेकर सायकलवर प्रेमानं बसला होता की नाइलाजानं? माझं मत, निम्मं निम्मं. परवाना राजच्या काळात बजाजची स्कूटर बुक करून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. कारखाना आकुर्डीला, पण नंबर लागायचा नाही. तेव्हा माणूस सायकलवरच राहिला, त्यात हौसेपेक्षा अडचण जास्त होती. पहिली भोक पाडली लुनानं. 1972 मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकनं नगरला काढलेली ही गाडी म्हणजे अर्धी सायकलच. तिला पॅडल होतं आणि पेट्रोल संपलं तर मारताही यायचं. मग 1984 नंतर कायनेटिक होंडा आली, हीरो होंडा आली, हप्त्यावर गाडी मिळायला लागली. बघा गंमत, 1986 मध्ये जगात सर्वांत जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनेस बुकात ज्या हीरोचं नाव गेलं, त्याच घराण्यानं दोन वर्षं आधी मोटरसायकलच्या धंद्यात पाय टाकलेला होता. त्यांना पुढचं दिसत होतं. 2001 मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली आणि साडीवाल्या बाईलाही सायकलची गरज उरली नाही. मी माझी अ‍ॅटलास घेऊन पुण्यात पोचलो तेच वर्ष.

म्हणजे माणसं पैसेवाली झाली आणि सायकल सुटली, एवढी साधी गोष्ट आहे का? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण मग हॉलंडचं काय? तिथली माणसं आपल्याहून कितीतरी आधी आणि कितीतरी जास्त पैसेवाली झाली. तिथंही पन्नास-साठच्या दशकांत मोटारी आल्या, सायकली झपाट्यानं घटल्या. 1971 साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर 3,000 हून अधिक माणसं गेली, त्यात 400 वर लहान मुलं. मग आईबाप रस्त्यावर उतरले, पोरांना मारणं थांबवा म्हणाले. पाठोपाठ 1973 चा तेलाचा भडका उडाला. सरकारनं सायकलीला रस्त्यात वेगळी जागा द्यायला सुरुवात केली आणि सायकल परत आली. मोटार असलेला माणूससुद्धा तिथं सायकलनं कामावर जातो.

पुण्यात उलटं झालं. 1997 ला आजूबाजूची गावं महापालिकेत आली, शहर पसरलं, नोकरी हिंजवडीला आणि घर हडपसरला अशी जोडी जमायला लागली. अंतर वाढलं हे खरंच. पण ज्यांचं अंतर वाढलं नव्हतं त्यांनीही सायकल सोडली, कारण रस्त्यावर टिकणं अशक्य झालं. रस्ता रुंद केला की सावली जायची आणि वेग वाढायचा. एकेरी वाहतूक केली की मोटारवाल्याला सोपं, सायकलवाल्याला मैलाचा वळसा. उड्डाणपूल बांधला की त्याचा चढ सायकलवाल्याच्या छातीवर. यातला एकही निर्णय सायकलीच्या विरोधात घेतलेला नव्हता, आणि एकही घेताना सायकलवाल्याला कुणी विचारलं नव्हतं. मी दोन वर्षं लक्ष्मी रस्ता, जंगली महाराज रस्ता सायकलनं तुडवलाय. डाव्या कडेला थांबलेल्या रिक्षा आणि उजवीकडं अंगावर येणारी बस, यांच्या मधल्या दोन फुटांत सगळा प्रवास. दुसऱ्या वर्षी बसचा आरसा खांद्याला घासून गेला. त्या रविवारी मी सायकल गावाकडं परत पाठवली. तेव्हा ज्यांनी सायकल सोडली त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

गेल्यानंतर सगळ्यांना सायकलीची आठवण झाली. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी सुरू झाली. तिच्या बाजूनं सायकल ट्रॅक आखलेले. कागदावर छान. प्रत्यक्षात ट्रॅकवर विजेचा डीपी, भाजीची गाडी, लावलेल्या मोटारी, आणि दोनशे फुटांवर अचानक संपलेला रस्ता. परिसरसारख्या संस्था वर्षानुवर्षं ओरडून सांगत होत्या की तुकड्यातुकड्यांत ट्रॅक म्हणजे मधेमधे पायऱ्या नसलेला जिना. 2017 च्या डिसेंबरात पुणे महापालिकेनं अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, आणि त्याच महिन्यात विद्यापीठ आणि औंध भागात भाड्याच्या सायकली आल्या. मोबाईलनं कुलूप उघडायचं, काम झालं की सोडून द्यायची. काकांच्या सायकल मार्टचाच नवा अवतार, फक्त गल्ल्यावर माणूस नाही. आणि तिथंच घोडं पेंड खाल्लं. कुणाची सायकल ते कुणालाच माहीत नाही. सीटं गेली, चाकं गेली, काही सायकली नदीत सापडल्याचे फोटो आले. ओफो 2018 मध्येच भारतातून गेली, बाकीच्यांचा गाशाही फार दिवस टिकला नाही. त्याच 2018 मध्ये बातमी आली की पुण्यात वाहनं 36 लाखांवर गेली आणि माणसं 35 लाख. मी ती बातमी आमच्या पेपरात आतल्या पानावर चौकटीत लावली होती.

आता सायकलवाल्यांच्या मंडळांबद्दल. हल्ली प्रत्येक शहरात आहेत, आपल्याकडंही आहे. पहाटे पाचला हेल्मेट घालून निघतात, पंढरपूरची सायकल वारी करतात, साडेतेरा तासांत 200 किलोमीटरची बीआरएम पूर्ण केली की फोटो टाकतात. काही लोक त्यांची चेष्टा करतात, लाखाची सायकल आणि मोटारीवर टांगून न्यायची म्हणून. मी करत नाही. मधुमेहाच्या गोळ्या निम्म्यावर आलेले दोन डॉक्टर मला माहिती आहेत, आणि रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल सगळ्यात आधी फोन या मंडळींचाच येतो. पण एक गोष्ट त्यांच्या तोंडावर बोललोय, इथंही लिहितो. पहाटे पाचला तुम्ही बायपासला जाता तेव्हा समोरून एमआयडीसीची रात्रपाळी संपवून सायकलनं घरी जाणारी माणसं येतात. हेल्मेट नाही, मागं लाल रिफ्लेक्टर नाही, कॅरियरला डबा. तुमच्या ग्रुपात त्यातला एक तरी आहे का? 2011 च्या जनगणनेत कामावर कसे जाता हा प्रश्न होता. शेती सोडून इतर काम करणाऱ्यांत देशभरात अडीच कोटींहून जास्त माणसं सायकलनं जात होती. आपण 'सायकलिस्ट' म्हणतो तेव्हा ही माणसं आपल्या डोळ्यांपुढं येतच नाहीत.

माझ्याही येत नव्हती. वीस वर्षांत मी एक बातमी किती वेळा लिहिली असेल: 'अज्ञात वाहनाच्या धडकेने सायकलस्वार ठार.' चार ओळी, एक कॉलम. नाव, वय, गाव, पोलीस ठाण्यात नोंद. तिथं दिवा होता का, कडेला जागा होती का, याच वळणावर हा कितवा, हे मी एकदाही विचारलं नाही. हा माझा गुन्हा आहे, कबूल करतो. आणि तो पेपर पहाटे तुमच्या दारात कशावरून येतो? सायकलवरून. आमची निम्मी पोरं अजून सायकलवरच लाइन टाकतात.

म्हणून सभेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मी स्टँडवर जाऊन बसलो. वही घेतली आणि सायकल आली की उभी रेघ मारायची असं ठरवलं. आठ वाजेपर्यंत पान भरलं, मागची बाजूही भरत आली. गवंडी, सेंट्रिंगवाले, एमआयडीसीतले हेल्पर, बेकरीचा पाववाला, दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या दोघी बहिणी. आणि वाड्यांवरच्या मुली. आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सरकारनं सायकली दिल्यात, आपल्या तालुक्यातही दिल्यात. मुली वाडीवरून स्टँडपर्यंत सायकलनं येतात, काहींची शाळा जवळच, अकरावी-बारावीच्या काहीजणी पुढं एसटी पकडतात. एक सरकार सायकल देतं आणि दुसरं ती लावायची जागा काढून घेतं.

स्टँडचे मामा हे काम त्यांच्या वडलांपासून करतात. दोन बिल्ल्यांची जुनी पद्धत अजून चालू आहे. एका नंबरचे दोन, एक हँडलला अडकवायचा, एक मालकाच्या हातात. मी म्हटलं, "मामा, मुलींचे बिल्ले वेगळे का ठेवलेत?" तर म्हणाले, "संध्याकाळची गाडी चुकली तर मी थांबतो. कुठली पोरगी आली नाही ते बिल्ल्यावरनं कळतं. साडेसातनंतर घरी फोन लावतो." मी वहीत काहीच लिहिलं नाही, नुसता बसून राहिलो.

गाळे नकोत असं माझं म्हणणं नाही. नगरपालिकेला उत्पन्न लागतं, मान्य. पण त्या जागेत खाली सायकल स्टँड आणि वर गाळे होऊ शकतात का, एवढं तरी इंजिनिअरनी तपासावं. नकाशात आज सायकलीला एक फूटसुद्धा दाखवलेला नाही, मी स्वतः पाहिलाय. मुख्य रस्त्याच्या काँक्रिटीकरणाच्या नकाशातही नाही, आणि ते काम दिवाळीनंतर सुरू होतंय. पुण्याला जे नंतर लाखो रुपये घालून जोडता आलं नाही, ते आपल्याकडं अजून तुटलेलं नाही.

हरकती द्यायची मुदत येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत आहे. अर्ज मी लिहून टाइप करून ठेवलाय. मामांच्या टेबलावर आहे, बिल्ल्यांच्या डब्याखाली. पेनही आहे. सायकल मंडळाच्या अध्यक्षांनी सही केलीय, पाववाल्यानं अंगठा दिलाय. मामा पहाटे साडेपाचपासून असतात.